सायमनच्या रेकॉर्डवरचा तुमचा सूर

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं. आज लिहायला बसले, कारण सायमनची रेकॉर्ड आली आहे. तुमचा शिष्य आता मुंबईत जॅझ वाजवतो. स्टुडिओत जाऊन अख्खी लाँग प्ले काढली त्यानं. सोबत चिठ्ठी आहे : अण्णांचा ट्रॉम्बोन द्याल का? पुढची रेकॉर्ड त्यावर करीन.

आई म्हणाली, "दिऊन टाक की. माळ्यावर काळाच पडायचा हाय."

तुम्ही होतात तेव्हा दर रविवारी ट्रॉम्बोन पुसायचं काम माझं. सरकत्या नळीला तेल लावायला मी, आणि फुंकायला भिंगारहून सायकलवर येणारा सायमन. एकदा मी तोंडाला लावला, तर तुम्ही म्हणालात, "ठिव खाली. पोरींचं काम न्हाई ते. तू बुकं वाच, मास्तरीणबाई."

वाचली. घरातली पहिली बी. ए. झाले. तेव्हा तुम्हाला धाप लागायची, म्हणून दारात वाजवायला कुणाला बोलावलंत? सायमनलाच. माझा आनंदसुद्धा त्यानंच वाजवायचा?

रेकॉर्ड कॉलेजातल्या बाईंच्या घरी ऐकली. एका ठिकाणी पियानो, ड्रम सगळं थांबतं आणि सायमन एकच सूर ताणत राहतो. बाई म्हणाल्या, "काय दम आहे!" मी मात्र दाराकडे पाहिलं. लग्नाच्या बँडात वाजवताना, वरात मांडवाशी आली की नवरीची आई भाकरतुकडा ओवाळायला बाहेर येईपर्यंत तुम्ही असाच सूर धरायचात. तिला उशीर झाला की मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. त्या बंद स्टुडिओत कुठली नवरीची आई यायची होती, अण्णा?

रेकॉर्डच्या पाठीवर गुरू म्हणून त्यानं तुमचं नाव छापलंय. त्याचं काही चुकलेलं नाही. तरी जळते मी. तुमचा श्वास त्याला दिलात, मला तेलाचं फडकं. आता शाळेत मुलींना सांगते, तुम्हाला सगळं जमेल. सांगताना माळ्यावरची ट्रॉम्बोनची पेटी आठवते आणि जीभ अडखळते.

काल पेटी खाली काढली. फुंकलं. आधी नुसती हवा, मग एक घोगरा आवाज. आई म्हणाली, "म्हैस बरी रेकती."

ट्रॉम्बोन सायमनलाच देईन. वाद्यानं पेटीत पडून राहू नये. पण आई चुलीपासून दारापर्यंत भाकरतुकडा घेऊन येईस्तोवर मला एक सूर धरता आला, की मगच. तोवर तेलही मी लावीन आणि फुंकीनही मीच.

तुमची मास्तरीण,
सुमन