रुळाला न टेकणारी गाडी

४ नोव्हेंबर
नववीच्या वर्गाला शिकवत असतानाच बसूचा फोन. भाऊ सहसा असा भलत्या वेळी फोन करत नाही, म्हणून व्हरांड्यात येऊन घेतला. आपल्या शेतात सर्वेवाल्यांनी दगड रोवलेत म्हणे. चुंबकावर तरंगत जाणारी गाडी, पुण्याकडून हैदराबादेकडे, आमच्या रानावरून. मी म्हटलं, थट्टा करतोस का?
"न्हाय अक्का. पांढरे दगड हायत, वर लाल नंबर. एक तर अव्वाच्या समाधीला लागूनच रोवलाय."
खरं लिहायचं तर आईच्या, म्हणजे अव्वाच्या, समाधीचं मला नंतर ऐकू आलं. आधी आनंदच झाला. इतकी वर्षं पोरांना शिकवतेय, समान ध्रुव एकमेकांना ढकलतात, ती गाडी आमच्याच शेतातून! संध्याकाळी घरी आले, अप्पा खाटेवर बसून वाटच बघत होते. सगळा हुरूप उतरला. आज सांगितलं नाही.

५ नोव्हें.
सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग –
"रुळाला टेकत न्हाय म्हन्तीस?"
"नाही. बोटभर वर राहते."
"मग तिला जमीन कशाला पायजे?"
उत्तर होतं माझ्याकडे. खांब, मार्ग, दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा. पण द्यायचा धीर झाला नाही.

९ नोव्हें., रवि.
शाळेतल्या चुंबकाच्या दोन चकत्या आणल्या होत्या. पेन्सिलीवर ओवून अप्पांना दाखवल्या. वरची अधांतरी राहते ते बघून भलतेच खूश. बोटानं दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. चहा गार झाला. मग काय मनात आलं, पेन्सिलच उपसून काढली. वरची चकती उलटी होऊन खालचीला खटकन चिकटली.
"बघ. काठी काढली की संपलं की सगळं."
विज्ञानाच्या बाईंनी चहा पुन्हा गरम केला.

१६ नोव्हें., रवि.
गाडी करून अप्पांना शेतात नेलं. बसूला चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यातून सुट्टी रविवारचीच. शेत वाट्यानं दिलेलं, त्यामुळे आमच्यापैकी तिथे रोज कोणीच नसतं. ज्वारी गुडघ्याएवढी झालीय.
अव्वाची समाधी बांधाच्या कोपऱ्यात. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात, हातात इष्टलिंग देतात. अव्वाला बसवलं तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. वर एक काळा दगड, तेवढीच खूण. शेजारची जागा अप्पांनी स्वतःसाठी राखून ठेवलेली, तिथे कधी नांगर लावू दिला नाही. सर्वेचा दगड त्याच जागेच्या बरोबर मध्ये.
मला वाटलं अप्पा आता आरडाओरडा करणार. नाही. वाकून अव्वाच्या दगडावरची माती हातानं पुसली. मग बसूला म्हणाले, "उद्या मशिनं घिऊन येतील. अव्वाचा दगड काळा, मातीत दिसायचा न्हाय त्यांना. चुना लाव त्याला."
बसूनं गावातून चुना आणला, दोन हात दिले. दगड रस्त्यावरूनही लख्ख दिसायला लागला. अप्पांना बरं वाटलं. मीसुद्धा म्हटलं, छान सुचलं अप्पा तुम्हाला.

३ डिसें.
गावात सभा. रजा टाकून गेले. पडद्यावर ती गाडी पळताना दाखवली. आवाज नाही, धक्का नाही, पाण्याचा पेला हलत नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या. मागून कोणीतरी विचारलं, "सायेब, सोलापुरात थांबंल का ती?" साहेब म्हणाले, ते अजून ठरलेलं नाही.
मी उभी राहून समाध्यांचं विचारलं. "मॅडम, गाडी वरून जाणार. खालच्यांची झोप मोडणार नाही." सगळे हसले. मीही हसले! त्याचा राग आत्तापर्यंत जात नाहीये. खाली बसल्यावर ऐकू आलं की पट्ट्यात नवीन काही करायचं नाही. नवीन काही म्हणजे काय? "नवीन म्हणजे नवीन." अप्पांची जागा म्हणजे नवीन. संपलं.

२० डिसें.
अप्पांना दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून उपयोग नाही. छातीत आता दमच उरलेला नाही. दुपारी माझा हात घट्ट धरला.
"मला तिच्या शेजारीच बसवा. हितल्या रुद्रभूमीत नगं, कुनाच्या तरी गर्दीत. बेड."
अगदी शेवटचं म्हणून काही बोलायचं असलं की अप्पा कन्नडवर जातात. बेड म्हणजे नकोच, इथली दफनभूमी नकोच. मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर, देव जाणे.
बसूला सांगितलं तर तो उखडला. "तितं बसवलं आन उद्या मशिननं उकरलं तर? तू बगत उभी ऱ्हाशील का?" फोनवर भांडलो. दोघंही बरोबर होतो, त्यामुळे भांडण मिटलं नाही.

२ जाने.
माती तपासायचं यंत्र येऊन गेलं म्हणे शेतात. ज्वारीचं नुकसान केलं, असं वाटेकरी सांगतो. जायला जमलं नाही. अप्पांना सोडून कशी जाणार.

१८ जाने., रवि.
मार्ग बदलला!! वाटेकऱ्याचाच फोन. सर्वेवाले काल आले आणि त्यांचे दगड उपटून, गाडीत घालून घेऊन गेले. आता हायवेच्या पलीकडून जाणार म्हणे. जाऊ दे बापडी.
अप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं.
"गेली?"
"गेली अप्पा."
"न टेकताच गेली की गं."
हसले, मग खोकला आवरेना. पण रात्री आमटी-भात वाटीभर जेवले. आज झोप लागेल.

२५ जाने., रवि.
लिहवत नाही.
बसू नि मी शेतात गेलो, दगडांचे खड्डे बुजवायला. अव्वाचा दगड नाही.
पांढरा दिसला तो प्रत्येक दगड त्यांनी उचलून नेला. वाटेकरी समोरच उभा होता. "पांढरा व्हता की ओ ताई. मला वाटलं, त्यांचाच." त्याला काय बोलणार? मागे ते यंत्र आत घालताना कोपऱ्यातला बांधही सपाट केलाय. अप्पांच्या जागेवर, अव्वाच्या जागेवर, सगळीकडून चाकं फिरलीत. दगडाचे खड्डे कुठले आणि चाकांचे कुठले, कळत नाही. बसू म्हणतो अव्वा इथे. मी म्हणते, नाही, त्याच्या बरीच पलीकडे, बांध वळायचा तिथे. पण बांधच नाही तर वळण कुठलं?
सर्वेवाल्यांना फोन लावला. दगड कुठेतरी ढिगात टाकलेत म्हणाले, येऊन शोधा. शोधला तरी दगड थोडाच सांगणार आहे, मी कुठे होतो म्हणून.
चुना लावला नसता तर. बसमधून उतरताना बसूच हे बोलला.

२६ जाने.
झेंडावंदनाहून आले. अप्पा जागे होते.
"दगड हाय न्हवं?"
"आहे."
"चुना टिकला?"
"टिकलाय अप्पा. लख्ख दिसतो."
मान हलवली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले.

८ फेब्रु., रवि.
अप्पा काल गेले. सकाळी चहा घेताना. कपातला निम्मा तसाच होता.
बसवूनच गावी नेलं. कपाळभर विभूती, शेला, हातात लिंग. किती शांत दिसत होते, मला बघवेना. भावकीतले खणायला तयार, पण खणायचं कुठे? सगळे आमच्या दोघांकडे बघत उभे. बसूनं कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.
"अक्का, तू सांग. मला न्हाय जमत. चुकलो तर अव्वालाच लागंल."
मीही सांगू शकले नाही. भीतीनं सरकत सरकत आम्ही पार विहिरीच्या बाजूला गेलो. तिथे अव्वा नक्की नाही, एवढंच नक्की होतं. त्याला शेजारी म्हणत नाहीत. अप्पांनी एकच गोष्ट मागितली होती.
विधी करणारे स्वामी म्हणाले, मातीत सगळेच शेजारी. त्यांचं बरं आहे.
वर काळा दगड ठेवला. एक म्हातारे चुन्याचं बोलायला लागले, बसूनं त्यांना पुरतं बोलूच दिलं नाही.

२७ फेब्रु.
चुंबकाच्या चकत्या अप्पांच्या खाटेखाली सापडल्या. शाळेत परत करायच्यात. नववीला तो धडा यंदा मी भराभर उरकला.

१९ मार्च
बसूचा फोन. मार्ग पुन्हा अलीकडे आला. हायवेपलीकडच्या लोकांनी फार जोर लावला म्हणे. आमचा जोर तो काय.
या वेळी शहाणे झालेत, आधी समाध्या विचारतात. समाधी टाळून खांब घालणार. बसूनं सांगितलं, दोन. अप्पांची दाखवली. दुसरी कुठे, विचारलं.
"मी आख्ख्या कोपऱ्यावरनं हात फिरवला, अक्का. सायेब म्हनले, असं चालत न्हाय, नेमकी जागा पायजे."
रविवारी मला बोलावलंय. घरातलं मोठं माणूस येऊन बोट दाखवील ती जागा ते सोडणार, उरलेल्यात खांब. म्हणजे मी बोट दाखवीन तिथे अव्वा. दाखवलं नाही, तर ती कुठेच नाही.
बसू म्हणतो, तुला तेव्हाचं आठवत असेल, तू मोठी. मला अव्वाचा चेहरा आठवतो, हिरव्या बांगड्या आठवतात, स्वामींची घंटा आठवते. जागा आठवत नाही.
रविवारी जावं तर लागेल.