मागच्या बाजूची वाटणी

मी, राजलक्ष्मी लक्ष्मीकांत पोतनीस, वय ५७, राहणार किला गेट, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझे दीर भालचंद्र यांना तो वाचायला आवडेल. मला कोणी भरीला घातलेले नाही.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि दागिने माझी मुलगी शरयू हिला मिळावेत. ती मुरारला सुखात आहे, घर विकायचे तर खुशाल विकावे. पाटल्या मात्र मोडू नयेत, त्या माझ्या आईच्या आहेत.

२. बीबीसी मायक्रो संगणक व त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह, दोन्ही चालू स्थितीत, हेही शरयूला. माझ्या यजमानांनी तो १९८६ साली घेतला. फ्लॉप्या महाग, त्याही दिल्लीहून आणाव्या लागत. म्हणून आम्ही प्रत्येक फ्लॉपी वाटून घेतली. पुढची बाजू त्यांची, मागची माझी. हा संगणक दोन्ही बाजू वेगळ्या धरतो. पुढचीची यादी मागितली तर मागचीचे नावही दाखवत नाही. त्यातून मी काय ते ओळखायला हवे होते.

पुढच्या बाजूला त्यांनी पंचांगाचा प्रोग्राम केला. मागच्या बाजूला मी आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांत मराठी अक्षरे बसवली आणि मुलांसाठी खेळ केले. इथली आपली मुले 'केला' आणि 'फल' मागतात, म्हणून 'ळ'चा एक खेळ होता. शरयू 'ळ' म्हणायला त्यावरच शिकली. यजमानांना हे सगळे ठाऊक होते. चारचौघांत त्यांनी ते कधी सांगितले नाही.

३. यजमान १९९८ साली गेले. दोन वर्षांनी मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले आणि भालचंद्र भावोजींची नेमणूक रायपूरला झाली. सरकारी खुर्च्या-टेबलांची वाटणी चालली होती, त्याच झपाट्यात त्यांनी आमचा फ्लॉप्यांचा डबाही उचलला. "दादाचं काम जपायला पाहिजे, वहिनी," म्हणाले. मीच तो पुसून हातात दिला.

जुना संगणक नसला तरी नव्या संगणकावर त्याचे सोंग उभे करता येते. त्यासाठी अख्खी फ्लॉपी एका फाइलमध्ये उतरवतात, तिला इमेज म्हणतात. एका बाजूची असेल तर एसएसडी, दोन्ही बाजूंची असेल तर डीएसडी. भावोजींनी पुढची यादी पाहिली, तीच अख्खी फ्लॉपी समजून सगळ्यांच्या एसएसडी केल्या आणि फ्लॉप्या भंगारवाल्याला घातल्या. मी फोनवर विचारले, "आणि मागची बाजू?"

"फिकर नका करू वहिनी, सब कुछ आ गया त्याच्यात."

त्या इमेजची त्यांनी पाठवलेली सीडी आली तेव्हा शरयूच्या संगणकावर पाहिली. माझे एक अक्षरसुद्धा नव्हते. पुन्हा फोन केला तर म्हणाले, "मागे होतं काय असं? तुमचं ते अ-आ-इ-ईच ना?" मी रडले नाही म्हणून शरयूला वाटले, आईने समजून घेतले. नाही घेतले. बारा वर्षांचे काम गेल्याचा संताप मला तेव्हा आला, तो आजही तसाच आहे.

४. मग त्यांनी इथे येऊन दादांच्या स्मृतीचा समारंभ केला, सीडी वाटल्या, स्वतः तासभर बोलले. अर्ध्या हळकुंडाने पिवळे म्हणतात ते हेच. मला शाल दिली, 'रात्री-अपरात्री चहा करून साथ दिल्याबद्दल'. ती शाल कामवाल्या बाईंना द्यावी, थंडीत उपयोगी पडेल. माझ्या तेराव्याला भावोजींना जेवू घालावे, बोलू देऊ नये.

५. एक फ्लॉपी उरली आहे. डबा नेला तेव्हा ती ड्राइव्हमध्येच होती; खटका उघडून बघायचे त्यांना सुचले नाही. पुढच्या बाजूला पंचांगाचा ग्रहणांचा भाग आहे, मागच्या बाजूला माझा 'ळ'चा खेळ. दर सणाला फोन येतो: "वहिनी, ती एक फ्लॉपी भेजून द्या ना, दादाचं पंचांग अधूरं राहिलंय." ती सराफ्यातल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे. ती शरयूची. तिने ड्राइव्हला केबल जोडून दोन्ही बाजूंची इमेज करावी, डीएसडी. बाबांची बाजू गाळू नये. ते माझ्या स्वभावात नाही.

६. भालचंद्र भावोजी घरचेच आहेत, त्यांना रिकाम्या हाताने ठेवणे बरे दिसत नाही. त्यांनाही या फ्लॉपीची प्रत द्यावी. त्यांच्याच रिवाजाप्रमाणे एका बाजूची, एसएसडी. बाजू मागची. ग्रहणे कुठे आहेत असे त्यांनी विचारले तर शरयूने सांगावे: फिकर नका करू काका, सब कुछ आ गया त्याच्यात.

वरील मजकूर वाचून पाहिला. एकही शब्द कमी करावासा वाटला नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: राजलक्ष्मी लक्ष्मीकांत पोतनीस

साक्षीदार:
१. पांडुरंगराव गोविंद खासगीवाले, किला गेट
२. महिपतराव सूर्याजी जाधव, मुरार

ठिकाण: ग्वाल्हेर
दिनांक: ९ फेब्रुवारी २००४