आईच्या बाकाचे जोड

३ जानेवारी
आजपासून मी वेल्डर. म्हणजे क्लासला नाव घातलं. वय त्रेपन्न, पण हात तरुण आहेत. इतकी वर्षं ऑफिसात टाचणीने कागद जोडले, आता लोखंड जोडायचं. फरक काय, तर टाचणी गंजते.
शेजारच्या टेबलावरचा मित्र आणि मी एकाच दिवशी राजीनामा देणार होतो. मी दिला. त्याने माझ्या निरोप समारंभात भाषण केलं. भाषण चांगलं झालं, त्याचाच जास्त राग आहे.
संकल्प: एप्रिलमध्ये स्वतःचं वर्कशॉप. त्याला तिथे पाऊल ठेवू देणार नाही.

११ जानेवारी
रॉड प्लेटला चिकटतो. दिवसभर चिकटत होता. मास्तर म्हणाले की काका, हात थरथरतोय, अंतर राखा. मास्तर माझ्याहून चांगलेच लहान आहेत, म्हणून मनावर घेतलं नाही. रॉड दमट असणार. माणसांनी दगा दिला, आता रॉडही देतोय.

१९ जानेवारी
डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालंय. काल मास्क वर करून ठिणगी बघितली. एकदाच. फार तर पाच-सहा वेळा. मास्कमधून काही दिसत नाही, ही मास्क बनवणाऱ्याची चूक. हिने डोळ्यांवर ओल्या पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाली की पेन ठेवा आता. बायकोचा पाठिंबा असा.

९ फेब्रुवारी
मास्तरांनी मला अजून सपाट प्लेटवर सरळ रेघा मारायला बसवलंय. बाकीची पोरं खिडकीच्या जाळ्या करतात. हा उघड उघड पक्षपात आहे. ठरवलं, घरासाठीच काहीतरी करून दाखवायचं. आईचे गुडघे दुखतात, सकाळी दारासमोर उन्हात बसायला तिला बाक हवाय. क्लासचं मशीन रविवारी मोकळं असतं.

२३ फेब्रुवारी
बाक झाला! जोडांवर थोड्या गाठी आल्या होत्या, त्या ग्राइंडरने सपाट केल्या. वरून हिरवा ऑइलपेंट, भरपूर. आता जोड कुठे आहे ते शोधून सापडणार नाही.
मास्तर म्हणाले की रंग छान लागलाय. मग वाकून एका जोडावर नख फिरवलं आणि कपाळ पुसलं. भारावले असावेत.

२४ फेब्रुवारी, सकाळ
आई बाकावर बसली. लगेच उठली. म्हणाली की ऊन लागतंय. आभाळ भरलेलं होतं. वयोमानाने होतं असं.

२६ फेब्रुवारी
जुनं वेल्डिंग मशीन विकायला आहे असं कळलं, ते बघायला दिवसभर बाहेर होतो. संध्याकाळी आलो तर बाकाचा रंग ओला. ही म्हणाली की मी दुसरा हात मारला. तोंडाने कधी कौतुक करायची नाही, पण मनात असतं. दारात जळका वास येत होता. शेजाऱ्यांनी परत कचरा जाळला वाटतं.

१५ मार्च
बाक कसला, किल्ला आहे. आई रोज बसते. काल शेजारच्या तिघीही बसल्या, चौघी मिळून हसत होत्या, तरी हूं की चूं नाही. मी खिडकीआडून बघत होतो. ऊर भरून आला.
आता थांबण्यात अर्थ नाही. कोपऱ्यावरचा गाळा ठरवला. पाटी रंगवायला टाकली. मित्राला फोन करून म्हटलं, मन मोठं आहे माझं, अजूनही ये. तो म्हणाला की बघतो.

२ एप्रिल, सकाळ
झाडताना बाक ओढला. दाराच्या कडेला पाय घासला आणि रंगाचा पापुद्रा निघाला. खाली जोड. एकसारखा, माशाच्या खवल्यांसारखा. आधी वाटलं, वा! बराच वेळ वा वाटत राहिलं.
मग लक्षात आलं. माझा जोड वितळलेल्या मेणबत्तीसारखा दिसतो. शिवाय या जोडाच्या शेवटी डावीकडे बारीकसं वळण आहे, आणि ते मास्तरांचं आहे. त्यांच्या नमुन्याच्या प्लेटवर जानेवारीपासून तेच बघतोय. बाक उलटा केला, सगळ्या जोडांवरचा रंग खरवडला. एकूण एक जोड मास्तरांचे.
तसाच क्लासला गेलो. मास्तर म्हणाले की काका, तुमचे जोड हाताने निघून आले, आणि फोन तुमच्याच घरून आला होता. घरी येऊन हिला धारेवर धरलं. ही म्हणाली की मी फक्त रंग मारला, फोन मी नाही केला.

२ एप्रिल, दुपार
फोन आईने केला होता.
पहिल्या दिवशी ती बसली तेव्हा खाली कट् असा आवाज झाला म्हणे. मग मला का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाली की तू इतका खूश होतास, जीव झाला नाही.
मित्राचं समजू शकतो. मास्तर परके. ही पण एकवेळ ठीक. पण आई? म्हटलं, सगळ्यांनी मिळून फसवलंत मला, आणि रागाच्या भरात बाकावर चढून उड्या मारल्या. मोडायचाच होता. ढिम्म हलला नाही. आई म्हणाली की उतर, पडशील.
उतरलो. गाळेवाल्याला नाही म्हणून कळवायला हवं.
मग आईशेजारी बसून हिशेब लावत होतो, यात माझं काय आहे. लोखंड दुकानातलं. उंची आईने सांगितलेली. जोड मास्तरांचे. राहिला रंग. तोही वरचा हात हिचा. माझा खालचा. तो दिसत नाही.