अडीच

पौड, १२ जानेवारी २००७

सुलक्षणाकाकू,

त्या दुपारी डॉक्टर फोनवर म्हणाले, विठ्ठलरावांचा इन्सुलिनचा पंप अडीचवर ठेव. मी दोन, टिंब, पाच दाबलं. टिंबाचं बटण झिजलेलं होतं, ते उमटलंच नाही. मी आकडा पुन्हा वाचला नाही आणि पंप पंचवीसवर चालत राहिला. काका म्हणाले, “पोरी, लई घाम फुटलाय.” मी साखर न तपासता पंखा लावला. काका गेले. कागदावर हार्ट अटॅक लिहिलं गेलं. खाली माझीही सही आहे.

तेराव्यानंतर तुम्ही तुमच्या गावाहून, मालेहून, माझ्यासाठी तांदूळ घेऊन आलात. “त्यांना शेवटचा वारा तू घातलास,” म्हणालात. मी पिशवी हातात घेत विचारलं, किती आणलात?

“अडीच किलो हाय. नीट मोजून आणलाय.”

हे पत्र टाकायचं धाडस नसलेली,
शिरीन सिस्टर