राखीचा उजवा पाय

१० डिसेंबर
अन् वरून म्हणते कशी, "ताई, तुमाले घरी काम तरी काय असते!" माही जाऊ, सुकेशनी. नवरा-बायको ऊसतोडीले निघून गेले, कडेवरचा लहाना सोबत नेला, अन् सहा वर्षांची राखी माह्या गळ्यात! पायाचं प्लास्टर कालच काढलं. डॉक्टर म्हणे, हाड जुळलं. बाहेर गोट्याधोंड्यात नको, पण घरात खेळवा, चालवा, उड्या मारू द्या. पोरगी खाटेवरून उतरतच नाही. पाय टेकव म्हटलं का भोकाड!

११ डिसेंबर
चिंध्यांचा चेंडू केला. घमेल्यात फेकायचा. बसूनच फेकते. घमेलं दूर सरकवलं, तर म्हणे, "मोठी माय, चेंडू तूच आण." मीच वाकून वाकून मेली. व्यायाम कोणाचा झाला?

१३ डिसेंबर
खाटेखालून रांगायची शर्यत. मीबी घुसली. अडकली! आमचे हे दारात उभे. "जेसीबी बोलावू काय?" पोरगी अशी हसली, हसता हसता भिंतीले धरून उभी राह्यली. मी चूप. बोलली असती तर पुन्हा बसली असती.

१६ डिसेंबर
गोधडी अंथरली. ठिगळाठिगळावर पाय ठेवून चालायचं, जमिनीले लागला का आउट. माह्या लुगड्याच्या ठिगळावर पाय दिला, ह्यांच्या, म्हंजे तिच्या मोठ्या बाबाच्या, सदऱ्याच्या ठिगळावर दिला. मधात मोठं लाल ठिगळ — सुकेशनीच्या लुगड्याचं. तिथं थांबली.
"ठेव ना!"
"मायवर पाय कसा देऊ? पाप लागते."
"कापड हाय ते, माय थोडीच हाय!"
ऐकते काय! मले वाटलं, आता बसते रडत. तर डोळे मिटले अन् उडी! दोन्ही पायांनी, पार पल्याड! मंग वळून लाल ठिगळाच्या पाया पडली.
लय शिव्या दिल्या मी. पडली असती म्हंजे? मंग म्हटलं, अजून एक मार.

१७ डिसेंबर
सकाळपासून उड्याच उड्या. डोकं फिरलं माहं. गोधडी उसवली.

२० डिसेंबर
व्हिडिओ कॉलवर उड्या दाखवल्या. मीच दाखवल्या, मूर्ख! सुकेशनी रडली. दीर बादल मागून म्हणे, "चालाले लागली ना वहिनी? मंग पुढच्या आठवड्यात नेतो इकडं. आम्ही फडात असतो, झोपडीत, कोपीवर, लहान्याले सांभाळाले कोणीच नाही."
मी फोन कापला.

२१ डिसेंबर
आज मीच लावला. बादल, म्हटलं, राखीचं नाव शाळेत हाय, पोरगी तिकडं येत नाही. उलट लहान्याले इकडं आणून टाक, दोघंही मी सांभाळते. विचार कर, बायकोले विचार. पण शनिवारपर्यंत मले हो का नाही, ते सांग!