बार्ज जाईपर्यंत

३ मार्च २०२५

आला! नऊ वर्षांनी, माझ्याच टेबलासमोर! निनाद. कपाळ मागे गेलंय, पोट पुढे आलंय. मला ओळखलंही नाही. "मॅडम, आमची फाइल जरा बघता का?" – मॅडम!

समुद्रातल्या गॅसच्या विहिरीपासून उरणच्या किनाऱ्यापर्यंत पाइपलाइन टाकायचीय त्याच्या कंपनीला. दिल्लीच्या मंजुऱ्या दोन वर्षं रखडून एकदाच्या आल्या. राहिलाय फक्त आमच्या ऑफिसचा ना-हरकत दाखला. टिपणी मी लिहिणार. साहेब न वाचता सही करतात.

४ मार्च

कामोठ्याच्या याच घरात बसून दोन बशा पोहे खाल्ले होते त्यानं. वर लिंबू मागून घेतलं. स्थळ मावशीनं आणलेलं. मला म्हणाला, "तुम्ही हसता छान." आणि आठ दिवसांनी बाबांनी सांगितलं, त्यांच्याकडून नकार आलाय, पत्रिका जुळत नाही म्हणे. त्यानंतर मी कुणापुढे बशी घेऊन गेले नाही. आता नीता मॅडम काय चीज आहे ते बघ म्हणावं!

१२ मार्च

पहिली त्रुटी काढली – नकाशावर उत्तर दिशा दाखवलेली नाही. खरं तर सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळवायच्या असतात. मी एका पत्रात एकच कळवणार. कोण विचारतंय?

२६ मार्च

नकाशा दुरुस्त होऊन आला. दुसरी त्रुटी – मच्छीमार सोसायटीच्या पत्रावरचा शिक्का पुसट.

२ एप्रिल

सोसायटीचे बळीराम स्वतः नवं पत्र घेऊन आले, उरणहून, उन्हातान्हात. "मॅडम, समुद्रात जातो आमी. आमची हरकत नाय. मग तुमची काय हाय?" म्हातारा तोंडाचा फटकळ. दीड तास बाकावर बसवून ठेवला. मग तिसरी त्रुटी – पत्राला जोडलेल्या सोसायटीच्या ठरावावर सह्या आहेत, सह्यांखाली नावं नाहीत.

२१ एप्रिल

निनाद रडकुंडीला आलाय! पंधरा मेनंतर पावसाळ्यापायी समुद्रात काम बंद. पाइप टाकणारी बार्ज निघून जाणार, ती दिवाळीनंतरच परत. "मॅडम, बार्ज गेली तर माझी नोकरी गेली. सगळं माझ्याच गळ्यात मारतील. रमाला सातवा महिना आहे हो." बायकोचं नाव सांगतोय मला! मी म्हटलं, "जे काय असेल ते लेखी द्या."

काय बरं वाटलं! कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

८ मे

फाइल कपाटात, किल्ली माझ्या पर्समध्ये, मी चार दिवस माथेरानला. एकटीच. मजेत.

१६ मे

काल बार्ज गेली. आज फाइल साहेबांपुढे ठेवली, दोन मिनिटांत सही झाली. दाखला मी स्वतः निनादच्या हातात दिला. तोंड बघायचं होतं ना! त्यानं दोन्ही हातांनी कागद घेतला. "थँक यू, मॅडम." मग दारातून वळून, "बाबा कसे आहेत तुमचे?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून ओळखत होता! आणि अडीच महिन्यांत एका शब्दानं बोलला नाही. शरम वाटली असेल, दुसरं काय!

३० मे

शिवा शिपायानं बातमी आणली – निनादला काढलं. रोडपालीचा फ्लॅट सोडला, बायको माहेरी. मी शिवाला चहा पाजला. पण ते बाबांचं का विचारलं त्यानं? डोक्यातून जात नाही.

१ जून

जेवताना बाबांना सगळं सांगून टाकलं – जिरवली त्याची! बाबा भात कालवत म्हणाले, "तो निनाद? अगं, त्यांचा होकार होता. पत्रिकेचं मीच कळवलं त्यांना. दोनदा येऊन गेला बिचारा, तू ऑफिसला असताना. पण तुझी आई नुकतीच गेलेली. घर कोण बघणार होतं?"

मग ताट पुढे केलं. "आमटी वाढ."

वाढली.