सुट्टीची भिशी

मी, श्रीमती लंकाबाई पुंजा गायखे, वय सत्तर, राहणार जेल रोड, नाशिक रोड, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांनी तसं लिहून दिलं नाही, म्हणून ही घाई. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. वकीलसाहेबांनी नमुना दिला होता, पण त्यात माझ्या घरातलं कोणीच दिसेना. म्हणून कलमं त्यांची आणि मजकूर माझा.

कलम १. मला दोन अपत्यं. मुलगा मनोज, अंबडला कंपनीत आहे. मुलगी आशा, सटाण्याला दिलेली. तिसरी माझी नात रोशनी, आशाच्या पहिल्या घरची. ती माझ्याजवळ असते आणि चौथीत शिकते. आशाचे पहिले यजमान अपघातात गेले तेव्हा रोशनी रांगत होती. पुढे आशाचं दुसरं लग्न झालं. "चार दिवस ठेव आई, बस्तान बसलं की घेऊन जाते," असं म्हणून ती गाडीत बसली. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. रोशनी मला 'आई' म्हणते. मी ओ देते, पण ही हाक आशाची आहे हे मनातून जात नाही.

कलम २. माझं राहतं घर माझ्या यजमानांनी छापखान्यातून निवृत्त होताना माझ्या नावे घेतलं. ते मी रोशनीला देते. ती सज्ञान होईपर्यंत मनोजने ते सांभाळावं, विकू नये, गहाण टाकू नये. मनोजला राग येईल. त्याला मी सरळ सांगते, बाळा, तुला आई होती, बाप होता, बहीण होती. तिला एवढ्या भिंतीच आहेत. बँकेतली ठेव मनोज आणि आशा दोघांत निम्मी करावी, म्हणजे तोंड वाकडं व्हायला नको.

कलम ३. माझे दीर रंगनाथ भावजी यांना काहीही देऊ नये. आशाचं दुसरं लग्न त्यांनीच जमवलं. "मुलीला मागचं काही नाही," असं त्यांनी सटाणेकरांना परस्पर सांगून टाकलं आणि सुपारी फुटल्यावर आम्हाला कळवलं. माझी नात रांगत होती आणि यांच्या तोंडी ती 'काही नाही' होती. माझ्या तेराव्याला त्यांना जेवायला जरूर बोलवावं, पण पानात गोड वाढू नये.

कलम ४. शेवयांचं यंत्र पुतळाबाई बोराडे हिला द्यावं. आतापर्यंत ते तिने दर उन्हाळ्यात नेलं आणि पिठासकट परत आणलं. आता तिचंच होईल, मग धुवो न धुवो. ते द्यायचं कारण निराळं आहे. आमच्या गल्लीत नातवंडं वाढवणाऱ्या आम्ही पाच जणी. एकीचा मुलगा पितो, एकीची सून माहेरी राहिली, पेठ तालुक्याकडच्या नवसाबाईचा मुलगा-सून हंगामाला द्राक्षाच्या बागांत कामाला जातात ते महिनोन् महिने येत नाहीत. आम्ही सगळ्या इतक्या थकलो होतो की मुलांवर विनाकारण खेकसायचो. तेव्हा पुतळाबाईने डोकं चालवलं. इतर बायका पैशाची भिशी चालवतात, आपण सुट्टीची चालवू. दर महिन्याला डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या. जिची निघेल तिची नातवंडं शनिवार-रविवार बाकीच्यांनी वाटून घ्यायची आणि तिने घराबाहेर पडायचं. फोन करायचा नाही. परत आल्यावर कुठे गेली होतीस, हेही कोणी विचारायचं नाही.

पहिल्यांदा माझी भिशी लागली तेव्हा मी घरात भांडी घासत बसले. पुतळाबाई दारात येऊन ओरडली, "सुट्टी लागली ना तुला? मंग भांडी काय घासती? ऊठ, कुठंबी जा, पण इथं नाय बसायचं. लय झालं!" मला बाहेर काढून तिने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचून रोशनीला घेऊन गेली. मी स्टँडवर गेले आणि समोर उभ्या असलेल्या सटाण्याच्या गाडीत बसले.

कलम ५. लोखंडी पेटीतलं गाठोडं आशाला द्यावं. त्यात रोशनीला आखूड झालेले कपडे आहेत, दर वर्षाचा एक. सुट्टीला मी त्र्यंबकेश्वराला जाते असं सगळ्यांना वाटतं आणि मी ते वाटू दिलं. जात होते ती सटाण्यालाच. आशाच्या घरासमोर रसवंती आहे, तिथल्या बाकावर बसायचं. आशा गच्चीवर कपडे वाळत घालायला येते. तेवढं पाहायचं आणि परतीची गाडी धरायची. विसावा म्हणतात तो मला त्या बाकावरच मिळाला. रोशनीची आई होता होता आशाची आई व्हायचं राहून गेलं होतं.

मागच्या दिवाळीनंतर आशाने मला पाहिलं. पिशवी घेऊन खाली आली, शेजारच्या गाड्यावर पेरू निवडू लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "कशी शे ती?" माझ्या मुलीच्या तोंडी तिकडची बोली बसली, इतकी वर्षं झाली. मी म्हटलं, "तुझ्यासारखीच हट्टी." ती म्हणाली, "घरात अजून कुणाले माहीत नाही, आई." गाठोड्यातला एक फ्रॉक मी दर खेपेला पिशवीत नेत असे, तो बाकावर ठेवला. तिने तो पेरूंच्या खाली घातला आणि निघून गेली. मला हाक मारायची होती. मारली नाही.

कलम ६. वकीलसाहेब म्हणतात, आई हयात असताना पालक नेमण्याचा मला अधिकार नाही. तर मग इच्छा लिहिते. रोशनीला मनोज आणि माझी सून पूजा यांनी वाढवावं, शक्य तर याच घरात राहून. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी पूजाने तिला आठवडाभर नेलं आणि उवा झाल्या म्हणून तिचे केस कापून पाठवली. मला विचारायला हवं होतं, हे माझं मत आजही कायम आहे. पण रोशनी त्या घरून हसत आली होती, हेही मी पाहिलं आहे.

कलम ७. भिशीत माझ्या जागी पूजाच्या नावाची चिठ्ठी टाकावी. पूजा म्हणेल, मी काय म्हातारी आहे? मूल वाढवणारी कोणीही थकते, आणि थकलेल्या बाईची माया आधी जिभेवरून उतरते. तिने सुट्टी घ्यावी आणि कुठे गेली होती हे मनोजने विचारू नये.

गेल्या महिन्यात रोशनीने मला विचारलं, "माझी खरी आई का येत नाही?" शाळेत कोणीतरी बोललं असणार. मी म्हटलं, "तिला तिकडे काम आहे." तर म्हणाली, "मग तिची भिशी कधी लागणार?" मला उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

पूजाच्या सुट्टीचे ते दोन दिवस रोशनीला सांभाळायचा पहिला हक्क आशाचा. हे सटाण्याला टपालाने कळवू नये. पुतळाबाईने जाऊन, आशा एकटी असताना, तोंडी सांगावं. आशाला कोणी बोल लावू नये, येण्याची सक्ती करू नये. पण दर सुट्टीला सटाण्याची शेवटची गाडी येऊन जाईपर्यंत रोशनीला दुसऱ्या कोणाकडे पाठवू नये. तिला वेळेवर जेवू घालावं, आणि दोन पानं जास्तीची मांडावीत, आशाबरोबर कदाचित जावईही येतील.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, साक्षीदारांनी ऐकला. नवसाबाई मध्येच तोंड धुवायला उठली होती, ती परत आल्यावर दोघांच्या देखत सही केली.

ठिकाण : नाशिक रोड
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) लंकाबाई पुंजा गायखे

साक्षीदार :
१. (सही) चंदर अरिंगळे, शेजारी
२. (सही) नवसाबाई गावित, भिशीतली